तपकीर गल्लीत

तपकीर गल्लीत तपकीर मिळत नाही.
बल्ब मिळतात, चोक, होल्डर,
वायरची लाल-काळी भेंडोळी, लग्नातल्या माळा.
नाव तेवढं राहिलं पाटीवर
आणि माझ्या नाकात.

मी इथं मोटारी भरतो, पस्तीस वर्षं.
पंखे, मिक्सर, विहिरीचे पंप.
जळलेलं व्हार्निश एकदा आत बसलं
की साबणाला दाद देत नाही, झोपेलाही नाही.
उस्ताद सुपेकर म्हणायचे,
हाताला मजुरी मिळते रे, नाकाला काय?
त्याला चिमूटभर देत जा.
तेव्हापासून देतोय.
काळी, जाडसर, तुपाचा हात लागलेली.

परवा भवानी पेठेत गेलो, डबी रिकामी.
"ती बंद झाली, काका,"
हितेन म्हणाला, मोबाइलमधून मान न काढता.
"करणारे म्हातारबुवा गेले. मुलगा टाइल्स विकतो.
ही घ्या. नवीन आलीय. पोरं पण घेतात."
हिरव्या झाकणाची प्लास्टिकची डबी,
आत शाडूच्या रंगाचं काहीतरी,
बाळाला लावावं इतकं मऊ.

दुकानात येऊन घेतली. आधी डावी नाकपुडी,
उस्तादांची पद्धत.
काहीच नाही.
मग कपाळाच्या आतल्या पत्र्यावर
कुणी बर्फाची लादी ओढत नेली.
पुदिना आला, त्याच्यामागून केवडा,
आणि तिसरा एक वास, ओळखीचा,
पण नाव सापडेना,
देवळाबाहेर आपलीच चप्पल सापडू नये तसं.

सात शिंका. गौसनं मोजल्या.
पैसे पुढं करणाऱ्या गिऱ्हाइकानं हात मागं घेतला,
"शिंकलात. थांबतो दोन मिनिटं,"
आणि खरंच थांबला, घड्याळ लावून.

पण ती दुपार!
गल्लीत व्हार्निश नव्हतं.
सोल्डरचा धूर नव्हता, गटार नव्हतं,
मी कुठल्याशा थंड हवेच्या गावी बसून
तांब्याची तार मोजत होतो,
एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस,
आणि आकडा एकदाही चुकला नाही.

तेवढ्यात दाबकेबाई मिक्सर घेऊन आल्या.
माझं असं आहे, मीटर नंतर, आधी नाक.
आंबूस जळकं म्हणजे कॉइल,
कोरडं, ठिणगीचं म्हणजे कार्बन,
रबर तर शेंबडं पोरही सांगेल.
मिक्सर नाकाशी धरला. पुदिना.
उलटा करून धरला. केवडा.
मीटर खणातच राहिला.
"काही नाही बाई, कार्बन झिजलेत."
ऐंशी रुपये.

तिसऱ्या दिवशी परत.
चटणी अर्धी वाटलेली, भांड्यासकट,
वरून धूर निघून गेल्याची काळी रेघ.
बाई काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं होतं.
पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला,
पिशवीची घडी घातली
आणि उभ्या राहिल्या.

मी नाक पुढं केलं. पुन्हा पुदिना.
गौस पलीकडं स्टुलावर, पंख्याची पाती पुसत,
एकोणीस वर्षांचा, विडी नाही, मावा नाही.
"उस्ताद, कॉइल गेलीय," तो म्हणाला,
"इथपर्यंत येतोय वास."

मला त्यानं आधी कधी
माझ्या आधी सांगितलं नव्हतं.

फुकट भरून दिली. तार माझी, रात्र माझी.
दुसऱ्या दिवशी बघितलं,
गौसनं ती हिरवी डबी उघडली होती,
हातभर लांब धरून वास घेतला
आणि झाकण घट्ट लावलं.
"घे की," म्हटलं.
"नको, उस्ताद. मला नाक लागतं."

डबी आता खणात आहे, फ्यूजच्या पाकिटांखाली.
सुट्टीच्या दिवशी काढतो.
नदीकाठच्या बाकावर तिचा फार उपयोग होतो,
नदी असूनही बसता येतं.

आणि तो तिसरा वास
रात्री अडीचला आठवला.
वेलदोडा.
एवढंसं होतं.
उठून बसलो, अंधारात एकट्यानंच शिंकलो,
मोजायला कुणी नव्हतं.